बाळंतिणीचा पोटपट्टा: सिझेरियनला चालेल, गरब्याला नाही

बडोद्याच्या रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात मेडिकलवाल्याला नुसतं ‘डिलिव्हरीनंतरचा पट्टा द्या’ म्हटलं, तर तीनपैकी कुठलाही हातात पडू शकतो. एक, पाठीत कडक पट्ट्या असलेला कंबरदुखीचा. त्याचं इथे काम नाही. दुसरा दोन-तीन इंची अरुंद, नितंबांवरून बांधायचा. कूस बदलताना किंवा जिना चढताना ओटीपोटाच्या सांध्यात कळ येते त्यांच्यासाठी. तिसरा आठ-नऊ इंच रुंद, इलॅस्टिकचा, पुढे वेल्क्रोने बंद होणारा. आपल्याला हवा तो हा. खोका उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

सिझेरियन झालेल्या बाईला पहिले काही आठवडे हा पट्टा उपयोगी पडतो. पलंगावरून उठताना, खोकताना, हसताना टाक्यांना आधार मिळतो आणि चालायचा धीर येतो. नॉर्मल बाळंतपणानंतर तो हवाच असं नाही. आजीने घडी घालून बांधलेलं जुनं सुती लुगडं तेवढंच काम करतं, आणि बडोद्याच्या मे महिन्यात घामोळंही कमी येतं. खोक्यावरच्या फोटोतलं सपाट पोट मात्र विसरा. बेंबीपाशी फाकलेले स्नायू पट्टा बांधून जुळत नाहीत.

माप गरोदरपणाआधीच्या कमरेचं देऊ नका. बाळंतपणानंतर पोटाचा सर्वांत मोठा घेर टेपने मोजा. बांधायचा तो उताणं झोपून, गुडघे वाकवून. खालची कड कंबरेच्या हाडांच्या खाली घ्या, वेल्क्रो खालून वर लावत या, वरचा भाग सैल ठेवा. आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत आणि खोल श्वास घेता आला पाहिजे. टाक्यांवर सुती कापड ठेवा, दोन-तीन तासांनी सोडा, रात्री काढूनच झोपा. टाके ओले किंवा लाल दिसले तर पट्टा बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

बिघडतं ते बसल्यावर. बाळाला पाजायला बसलं की पट्टा वर सरकतो, त्याची गुंडाळी होते आणि तो नेमका कमरेच्या बारीक भागावर आवळतो. दाबलेल्या पोटातला दाब मग खाली जातो, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर, ज्यांना डॉक्टर पेल्विक फ्लोअर म्हणतात. बाळंतपणात ते आधीच ताणलेले असतात. पट्टा घातल्यावर खाली जड वाटणं, काहीतरी उतरल्यासारखं वाटणं किंवा शिंकताना लघवीचे थेंब जाणं, यातलं काहीही झालं तर तो घट्ट आहे किंवा नकोच आहे. ‘बाळंतपणानंतर एवढं चालायचंच’ हे ऐकून घेऊ नका. अंग बाहेर येण्याची सुरुवात अशीच असू शकते.

खरं काम व्यायामाचं. वायू रोखावा तसं गुदद्वार आणि पुढचा भाग आत-वर ओढा, मांड्या आणि नितंब सैल, श्वास चालू. आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका. लघवी करताना मध्येच थांबवून हा सराव करू नका. आवळणं जमतंय की उलट खाली ढकललं जातंय, हे स्वतःला नीट कळत नाही. म्हणून एकदा स्त्रियांच्या या त्रासावर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. पट्ट्यापेक्षा ही फी आधी खर्च करावी.

ज्यांना कमाटीबागेत पुन्हा पळायचंय त्यांच्यासाठी 2019 साली ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी दिलेला सल्ला कामाचा आहे: तीन महिन्यांच्या आत पळायचं नाही. त्यानंतरही आधी ही परीक्षा. अर्धा तास चालणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, प्रत्येक पायावर दहा अर्ध्या बैठका, जागच्या जागी एक मिनिट पळणं, प्रत्येक पायावर दहा लंगड्या उड्या. दुखणं, जडपणा, गळती यांपैकी काहीही नसेल तरच पुढे. सिझेरियनवाल्यांनी आणखी सबुरीने घ्यावं. सहा आठवड्यांनी पोटाच्या आतल्या शिवणीत मूळच्या साधारण निम्मीच ताकद आलेली असते. बाहेरचा व्रण सुकलेला दिसतो, त्यावर जाऊ नका.

बडोद्यातला खरा प्रश्न मॅरेथॉनपेक्षा नवरात्राचा. श्रावणात बाळंत झालेल्या बाईने यंदा खुर्चीवर बसून टाळ्या वाजवाव्यात. अश्विनापर्यंत तीन महिने होतच नाहीत. ज्येष्ठातली असेल आणि वरची परीक्षा पास असेल तर संथ तालावर दहा-पंधरा मिनिटं, उड्या आणि झपाट्याच्या गिरक्या वगळून. गरब्यात एका पायावर पडताना शरीर वळतंही, शिवाय हे तासन्‌तास चालतं, म्हणून सरळ रस्त्यावर पळण्यापेक्षा त्याचा ताण फसवा. आधार म्हणून आत पोटपट्टा बांधायचा आणि वरून चणियाची नाडी आवळायची, ही जोडी सर्वांत वाईट: दोन्हींचा दाब खालीच जातो. पट्टा घरी ठेवा, नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक घाला, निघायच्या आधी लघवीला जाऊन या आणि जड वाटू लागलं की त्याच क्षणी फेरीतून बाहेर पडा.