घरी वॉटर सॉफ्टनर बसवून अकरा महिने झाले

वाघोलीत रो हाऊस घेतलं तेव्हा बोअरला पाणी आहे याचाच आनंद इतका, की ते कसं आहे हे कुणी विचारलंच नाही. तीन वर्षांत गीझरची कॉइल दोनदा गेली. दुसऱ्यांदा मेकॅनिकने ती बाहेर काढली तर तिच्यावर बोटभर पांढरा थर, शंकरपाळ्यावर पाक साखरावा तसा. शॉवरची निम्मी भोकं बुजलेली, बादल्या पांढऱ्याफटक आणि तूरडाळ पाच शिट्ट्यांनंतरही दाताखाली. सासूबाई राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या होत्या, "पाणी जड आहे गं इथलं." त्यांना मीटर लागलं नाही.

सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, बसवण्याआधी एक फिल्टरवाला येऊन गेला. एका ग्लासात आमचं बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याने आणलेलं आरओचं. दोन्हींत सळयांचं यंत्र बुडवून त्याने बटण दाबलं. मिनिटभरात आमच्या पाण्यात तपकिरी-हिरवट गाळ, त्याचं मात्र नितळ. सासरे घाबरलेच. मी त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं आणि म्हटलं, आता लावा. तेही तसंच झालं. तो गाळ यंत्राच्या लोखंडी सळीचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळी झिजते, आरओच्या पाण्यात ती नीट वाहतच नाही. गडी चहा न घेता गेला.

त्याच्याकडे टीडीएसचं पेन होतं, त्यात ७८० आलं. या पेनवर विसंबून खरेदी करू नका, एवढंच सांगायला खरं तर हे सगळं लिहितेय. पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून साधारण किती, एवढंच ते दाखवतं. भांडी आणि गीझर खराब करणारे त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आपल्याकडच्या काळ्या खडकातून पाणी मुरताना सोबत येणारे. ते किती आहेत हे पेनला कळत नाही. त्यासाठी हार्डनेसचं, म्हणजे पाण्याचा जडपणा मोजायचं, थेंबांचं किट मिळतं. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, एका बाटलीतलं द्रावण आणि रंगाचा थेंब टाकायचा, पाणी कोकम सरबतासारखं लाल होतं. मग तिसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे, दर थेंबाला नळी हलवायची. लाल जाऊन स्वच्छ निळं झालं की थांबायचं. माझ्या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम. आमच्या पाण्याला २६ थेंब लागले, म्हणजे ५२०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही मर्यादा २०० आहे, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

गेल्या दसऱ्याला सॉफ्टनर बसवला. फायबरची उभी टाकी, आत २५ लिटर रेझिन, वर हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह, शेजारी मिठाच्या पाण्याचा पिंप. बसवण्यासकट ३१ हजार. बोअरचं पाणी खालच्या टाकीत येतं, तिथून मोटरने आधी वाळूच्या फिल्टरमधून, मग सॉफ्टनरमधून गच्चीवर जातं. वाळूचा फिल्टर फक्त गाळ अडवतो, विरघळलेल्या क्षारांना तो हात लावत नाही. रेझिन म्हणजे मोहरीपेक्षा बारीक, मधाच्या रंगाचे मणी. ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी सोडून त्यांना पुन्हा रिकामं करायचं, हेच ते रिजनरेशन. म्हणून सॉफ्टनरनंतरही टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो. आमचा थोडा वाढलाच. नवऱ्याला वाटलं फसलो. मी किट काढलं. रंगाचा थेंब पडताक्षणी पाणी निळं, मोजायला काही उरलंच नाही.

फरक पहिल्याच अंघोळीला कळतो. साबण जातच नाही असं वाटतं, अंग बुळबुळीत लागतं. सासरे आठवडाभर कुरकुरत होते. कपड्यांची पावडर मी निम्मी केली. डाळ तीन शिट्ट्यांत मऊ. काचेचे ग्लास निथळून नुसते पालथे ठेवले तरी डाग कमी पडतात आणि पडलाच तर ओल्या फडक्याने निघतो. केस गळायचे थांबतात असं विक्रेते सांगतात. माझे राठ व्हायचे थांबले, गळतात तेवढेच. गीझर मेमध्ये मुद्दाम उघडून घेतला. कॉइलवर धुरळ्याइतका थर, बोटाने पुसला जाईल असा.

आता मनस्ताप. आमच्याकडे दर पाच दिवसांनी रिजनरेशन लागतं, एका वेळी ३ किलो मीठ. हिशोब सोपा आहे: आमचं रेझिन एका खेपेत साधारण १२०० ग्रॅम क्षार धरतं, ५२० च्या हार्डनेसला ते २३०० लिटर पाणी होतं, आणि चौघांना रोज ४५० लागतं. विक्रेत्याने "पंधरा दिवसांतून एकदा" सांगितलं होतं. पन्नास किलोची गोणी अडीच महिने जाते. एकदा स्वस्त मिळालं म्हणून खडेमीठ आणलं, त्यातल्या मातीने पिंपाची जाळी तुंबली.

डिसेंबरात एकदा मी मिठाचं पाणी सोडलं आणि फोन आला. परत येऊन रेझिनमधलं मीठ धुऊन काढायची पायरी पुरती न करताच व्हॉल्व्ह 'सर्व्हिस'ला, म्हणजे रोजच्या वापरावर, लावला आणि मोटर चालू केली. दुपारी सासूबाईंनी विचारलं, "वरणात मीठ दोनदा घातलंस का?" मी एकदाही घातलं नव्हतं. गच्चीवरची हजार लिटरची टाकी रिकामी करावी लागली. तेव्हापासून ओट्यावर टायमर लावल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावत नाही. परवडत असेल त्यांनी ऑटोमॅटिकच घ्यावा. आणि प्रत्येक खेपेला दीडशे-दोनशे लिटर पाणी गटारात जातं, हे टँकरवर जगणाऱ्यांनी आधीच धरून चालावं.

पिण्यासाठी आरओ वेगळा ठेवला, कारण सॉफ्टनरच्या पाण्यात सोडियम येतं. ५२० च्या हार्डनेसला लिटरमागे २४० मिलिग्रॅमच्या आसपास. तुम्हाआम्हाला जाणवणार नाही, पण सासऱ्यांना रक्तदाब आहे. आरओ ते बहुतेक काढून टाकतो. शिवाय त्याला मऊ पाणी मिळाल्याने मेम्ब्रेनवर, म्हणजे आतल्या गाळणाऱ्या पडद्यावर, क्षार बसत नाहीत. पूर्वी ती वर्षाच्या आत बदलायला लागायची, यंदा अजून बदललेली नाही. ज्यांच्याकडे धरणाचं नळाचं पाणी येतं आणि टीडीएस दोनशे-तीनशे आहे, त्यांनी आरओ का घ्यावा हे मला कळत नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० च्या खाली आरओ वापरू देऊ नये, असंच म्हटलं होतं.

मोगऱ्याचं सांगायचं राहिलं. आरओचं टाकाऊ पाणी मी पूर्वीपासून कुंड्यांना घालते, कधी काही झालं नाही. या उन्हाळ्यात मोगऱ्याच्या पानांच्या कडा जळाल्या, माती फरशीसारखी घट्ट झाली. मी कीड समजून कडुनिंबाचं तेल फवारत बसले. लक्षात यायला महिना गेला: आता आरओत जातं तेच सॉफ्टनरचं पाणी, म्हणून बाहेर पडतं ते नुसतं घट्ट झालेलं सोडियम. कुंड्यांना आता खालच्या टाकीतलं जड पाणी घालते, टाकाऊ पाण्याने अंगण धुते. एक कुंडी गेली, दोन वाचल्या.

शेजाऱ्यांनी पाइपला बांधायचं चुंबकाचं यंत्र आणलंय, मीठ नको, पाणी वाया नको. त्यांच्या नळाचं पाणी माझ्या किटने तपासलं. आधीही २६ थेंब, नंतरही २६. त्यांना ते पटलेलं नाही.

एक मात्र, थेंब वर्षभर सारखे राहत नाहीत. मेमध्ये बोअर खाली गेली तेव्हा ३० लागले, पाचव्या दिवशी साबणाला फेस येईना. तेव्हा चार दिवसांवर आणलं. परवा पावसानंतर मोजलं तर २२. सहा दिवस जातील बहुतेक.