तालुक्याची सरकारी सर्जरी ओपीडी : गोळी बदलण्याआधी पू तपासला

तूर सोंगतानी बाबाच्या पोटरीत धसकट घुसलं, चार दिवसांत लिंबाएवढं गळू अन् भोवतालचा पाय लाल, गरम, ठणका असा की रातभर झोप नाई. एका मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न पायताच सेफिक्झिम नावाची अँटिबायोटिक गोळी देली, पाच दिवस खाल्ली, काडीचा फरक नाई. मग तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं.

डॉक्टरनं पयले गोळ्याची पट्टी मागतली, नशीब बाबाच्या बंडीच्या खिशात होती. म्हणे काका, ही गोळी टायफाइडले, लघवीच्या इन्फेक्शनले चालते, पण गळू जास्त करून स्टॅफ नावाच्या जंतूनं होते अन् त्याच्यावर इचा जोर नाई. पट्टीवरची लाल रेघ दाखवली, म्हणे अशी गोळी चिठ्ठीशिवाय घ्याचीच नाई, ही तर एच1 नावाच्या सरकारी कडक औषधयादीतली, 2014 पासून दुकानदाराले रजिस्टरमंधी नोंद ठेवा लागते. मले हे आजवर कोणीच सांगतलं नव्हतं बाप्पा!

शुगर पायली त 268, आमाले पत्ताच नाई. धनुर्वाताचं इंजेक्शन देलं, भूल देऊन चिरा मारला, पू काढला, म्हणे अर्ध्याच्यावर इलाज हाच आहे, पू आत असला की गोळी तिथवर धड पोचत नाई. थोडा पू डबीत भरून कल्चरले, म्हंजे कोणता जंतू आहे ते तपासाले, जिल्ह्याले पाठवला अन् तोवर सेफॅलेक्सिन नावाची दुसरी अँटिबायोटिक गोळी देली. अन् बॉलपेननं लालीच्या कडंकडंनं रेघ मारली, बाजूले तारीख, लाली रेघेबाहेर गेली नाईतर थंडीताप आला त रातीही घेऊन या म्हणे. माय दर दोन घंट्यानं बॅटरी लावून रेघ पाये.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, एमआरएसए, म्हणजे असा स्टॅफ की ज्याच्यावर सेफॅलेक्सिनही चालत नाई. त्या कागदावर कोणती गोळी लागू पडते ते लिवून येते, ते पाहून डॉक्सीसायक्लिन सात दिवस लावली, महागडं इंजेक्शन नाईच. गोळी दुधासंग घेऊ नका, गिलासभर पाण्यानं घ्या, घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका, उन्हात कमी फिरा, हे सिस्टरनं बाबाकून दोनदा वदवून घेतलं. चौथ्या दिवशी लाली रेघेच्या दोन बोटं आत.

पाचपैकी एक तारा कमी केला तो यासाठी की ड्रेसिंगले रोज 18 किलोमीटर जा लागे, गावच्या उपकेंद्रात व्हाले पायजे होतं. बाकी गोळ्या, ड्रेसिंग, तपासणी, कशाचाच पैसा लागला नाई. जाल त आधी खाल्लेल्या गोळ्यांच्या पट्ट्या संग नेजा, डॉक्टर पयले तेच विचारते.