आरा पाचिस की मिथ्रियम: दगड पाहायचा की जागा?

युरोपच्या सहलीत रोम आणि लंडन ही दोन्ही शहरे बहुधा असतातच, आणि दोन्हीकडे एकेक रोमन वास्तू अशी आहे, जी सुटी करून, हलवून पुन्हा जुळवलेली आहे. रोममध्ये ‘आरा पाचिस’, म्हणजे सम्राट ऑगस्टसच्या काळातील शांतिवेदी. लंडनमध्ये मिथ्रास देवाचे मंदिर, अर्थात मिथ्रियम. ‘पुन्हा उभी केली, तर मग त्यात खरे काय उरले?’ हा प्रश्न अशा ठिकाणी मनात येतोच, आणि तो रास्त आहे. हाताशी मोकळा वेळ थोडाच असेल, तर निर्णय याच प्रश्नाच्या उत्तरावर घ्यावा, असे मला वाटते.

आरा पाचिसचे दगड अस्सल आहेत, जागा मात्र नाही. रोमच्या सिनेटने इ.स.पू. १३ मध्ये ही वेदी बांधण्याचा ठराव केला आणि इ.स.पू. ९ मध्ये तिचे अर्पण झाले. पुढे ती जमिनीत गाडली गेली आणि तिच्यावर एक राजवाडा उभा राहिला. सोळाव्या शतकात सापडलेले तिचे काही तुकडे तर फ्लॉरेन्स आणि पॅरिसपर्यंत पांगले. उरलेले अवशेष काढताना भूजलाची अडचण होती, म्हणून १९३७-३८ मध्ये राजवाड्याखालची ओली माती चक्क गोठवून उत्खनन पूर्ण करण्यात आले. मुसोलिनीच्या राजवटीने ऑगस्टसच्या द्विसहस्राब्दी जयंतीचे निमित्त साधून ही वेदी टायबर नदीकाठी, ऑगस्टसच्या समाधीशेजारी जुळवली. त्यात तिची दिशाही ९० अंशांनी फिरली. आज तिच्याभोवती जी काचेची पांढरी इमारत आहे, ती रिचर्ड मायर यांनी रचलेली असून २००६ मध्ये खुली झाली. जुन्या शहराच्या मधोमध ती परकी दिसते, ही तक्रार मला मान्य आहे. पण आत गेल्यावर भरपूर उजेड मिळतो आणि शिल्पांना हवा असतो तो हाच.

या शिल्पांपुढे घाई करू नये. वेदीला वेढणाऱ्या दक्षिण-उत्तर भिंतींवरून पाहत जाता येईल अशी एक मिरवणूक कोरली आहे: ऑगस्टसचा जावई ॲग्रिपा डोक्यावरून वस्त्र घेऊन चालला आहे, त्याच्या वस्त्राला एक लहान मुलगा धरून आहे, आणि मागे एक स्त्री ओठांवर बोट ठेवून कुणाला तरी गप्प करते आहे. राजघराण्याच्या सोहळ्यात दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराने हा क्षण हेरला, याचे मला फार अप्रूप वाटते. खालच्या पट्ट्यातील वेलबुट्टीपाशी तर वाकूनच पाहावे. पानांच्या आड सरडे, बेडूक आणि पक्ष्यांच्या घरट्याकडे सरपटणारा साप दडलेला आहे. पॅरिसला गेलेल्या तुकड्याच्या जागी मात्र प्रतिकृती आहे, हे ध्यानात ठेवावे.

मिथ्रियमची गोष्ट उलटी आहे. तिथे पाहायला दगड थोडे, पण जागेला मोल आहे. इ.स. २४०च्या सुमारास वॉलब्रुक या ओढ्याकाठी हे मंदिर बांधले गेले. (मिथ्रास हे नाव इराणी मिथ्रावरून आलेले असून आपल्या वेदांतील मित्र या देवतेच्या नावाशी त्याचे नाते आहे.) दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या भागात १९५४ मध्ये ते सापडले, तेव्हा ते पाहायला लंडनकरांच्या लांबच लांब रांगा लागल्या. मात्र १९६२ मध्ये ते शंभरेक मीटर दूर, रस्त्याच्या उंचीवर आणून सिमेंटने जोडले गेले; ती जुळणी इतकी विजोड होती की उत्खनन करणारे ग्राइम्स यांनाही ती पटली नाही. ती चूक २०१७ मध्ये सुधारली गेली. आता ब्लूमबर्ग या वित्तीय माहिती व वृत्तकंपनीच्या कचेरीच्या इमारतीखाली, रस्त्यापासून सुमारे ७ मीटर खोल, म्हणजे रोमन काळातील जमिनीच्या पातळीवर आणि मूळ जागेच्या अगदी निकट ते उभे आहे. अंधारात धुके आणि प्रकाश यांतून नाहीशा झालेल्या खांबांचा भास उभा राहतो आणि लॅटिन मंत्रघोष ऐकू येतो. दिवे लागले की समोर असतात गुडघा-कंबरेएवढ्या भिंती, दोन्ही बाजूंचे ओटे आणि टोकाचा अर्धगोल गाभारा. मिथ्रासचे प्रसिद्ध संगमरवरी मस्तक मात्र इथे प्रतिकृतीच्या रूपात आहे.

खर्चाच्या बाजूने मिथ्रियम सरस आहे: प्रवेश विनामूल्य, पण वेळ आधी नोंदवलेली बरी. आरा पाचिसला तिकीट आहे. लंडनमध्ये बँक किंवा कॅनन स्ट्रीट स्थानकाजवळ असाल, तर मिथ्रियमला जरूर जावे आणि वरच्या दालनातील रोमन लाकडी पाट्याही पाहाव्यात. त्यांतील एका पाटीवर ८ जानेवारी इ.स. ५७ या तारखेचा कर्जाचा व्यवहार नोंदलेला आहे. पण दोहोंपैकी एकच निवडायचे झाले, तर मी आरा पाचिस निवडेन आणि त्यासाठी निदान दोन तास राखेन, कारण घडवणाऱ्या हातांची खूण तिथेच दिसते. तिकीट काढायचे नसेल, तरी इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर ऑगस्टसने स्वतः लिहिलेला आपल्या कारकिर्दीचा वृत्तान्त लॅटिन अक्षरांत कोरलेला आहे. तो रस्त्यावरूनही पाहता येतो.