फोंड्याचा टर्बो-हायब्रिड वर्ग: बाराशे रुपयांत काय मिळते?

गोव्यातील फोंड्याजवळच्या एका खासगी वर्कशॉपमध्ये रविवारी सकाळी शर्यतीच्या इंजिनांविषयी चार तासांचा वर्ग भरतो. शुल्क १,२०० रुपये असून चहा आणि भाजीपाव त्यातच धरलेला आहे. फॉर्म्युला वन मी बरीच वर्षे पाहत असलो, तरी कोणाच्या इंजिनाची अश्वशक्ती किती, यापलीकडे माझी समज गेली नव्हती.

शिकवणाऱ्यांनी सुरुवात अश्वशक्तीपासून न करता इंधनाच्या मापापासून केली आणि निम्मे पैसे तिथेच वसूल झाले. २०१४च्या नियमांनी १.६ लिटरच्या व्ही-६ (इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात सहा सिलिंडर असलेल्या) टर्बो इंजिनाला तासाला जास्तीत जास्त १०० किलो इंधनाची मर्यादा घातली. साध्या टर्बो गाडीत जादा हवा भरायची ती जादा इंधन जाळण्यासाठी. येथे इंधन वाढवताच येत नसल्यामुळे तीच हवा मिश्रण विरळ करून प्रत्येक थेंबातून अधिक काम काढण्यासाठी वापरावी लागते. मर्सिडीजने २०१७मध्ये चाचणीबाकावर ५० टक्क्यांहून अधिक औष्णिक कार्यक्षमता (इंधनातल्या ऊर्जेचा प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) गाठली, त्यामागे हे विरळ ज्वलनही होते.

त्यानंतर टेबलावर आला तो खनिज वाहणाऱ्या जुन्या टिपरचा, उभा कापलेला टर्बो: एकाच दांड्यावर जळक्या वायूने (एक्झॉस्टने) फिरणारे टर्बाइनचे चाक आणि इंजिनात हवा दाबून भरणारे कंप्रेसरचे चाक. (खाणी थंडावल्यावर असे सुटे भाग गोव्यात भंगाराच्या भावाने मिळतात, हे ओघाने आलेच.) टर्बोचे चाक मोठे घेतले तर हवा भरपूर मिळते, पण ते वेग घेईपर्यंत गाडी ओढत नाही, लहान घेतले तर प्रतिसाद तत्काळ मिळतो, पण इंजिन जोरात फिरू लागले की दम लागतो. टर्बोच्या दांड्यावर बसवलेल्या एमजीयू-एच या मोटरने हा पेच सोडवला, कारण ती टर्बोच्या चाकाला विजेने आधीच फिरते ठेवत असे आणि एरवी एक्झॉस्टमधून वीज निर्माण करत असे. मात्र ही वीजही फुकटची नव्हे, कारण टर्बाइनकडून जितकी उपसावी तितका एक्झॉस्टमधला दाब वाढतो आणि जळका वायू बाहेर ढकलताना पिस्टनची शक्ती खर्ची पडते.

सर्वांत रंगले ते मांडणीचे प्रकरण. मर्सिडीजने कंप्रेसर इंजिनाच्या पुढे आणि टर्बाइन मागे ठेवून कंप्रेसरला उष्णतेपासून दूर नेले, पण त्यासाठी मिनिटाला सव्वा लाखापर्यंत फेऱ्यांची मुभा असलेला लांब दांडा थरथरू न देता सांभाळणे आले. होंडाने २०१५मध्ये गाडीचा मागचा भाग सडपातळ राहावा म्हणून कंप्रेसर सिलिंडरांच्या बेचक्यात कोंबला. परिणामी तो लहान ठेवावा लागला, एक्झॉस्टमधून वीज पुरेशी मिळेना आणि लांब सरळ पट्ट्यांच्या शेवटी गाडी मागे पडू लागली. २०१७मध्ये त्यांनाही मर्सिडीजसारखीच मांडणी स्वीकारावी लागली. वायुगतिकीची हौस इंजिनाला कशी भोवते, हे या उदाहरणाइतके स्पष्ट मला पूर्वी कोणी सांगितले नव्हते.

तक्रार २०२६च्या नियमांच्या भागाबद्दल आहे. एमजीयू-एच काढून टाकली, मागच्या चाकांना जोर देणाऱ्या एमजीयू-केची शक्ती १२० वरून ३५० किलोवॉट झाली, एवढे सांगून तो भाग वीस मिनिटांत उरकला. टर्बोच्या आकाराचा जुना पेच यामुळे पुन्हा उभा राहतो आणि ती उणीव बॅटरीने भरून काढायची तर पुढच्या सरळ पट्ट्यासाठी वीज किती उरणार, या प्रश्नाला उत्तर मिळण्याआधीच भाजीपाव आला. भाजी उत्तम होती. पंखा मात्र एकच असून तो शिकवणाऱ्यांकडे वळवलेला असतो, तेव्हा खिडकीजवळची जागा धरावी. २०२६साठी स्वतंत्र तास ठेवणार असतील, तर मी पुन्हा शुल्क भरायला तयार आहे.