मांजरासाठी कोरडे दाणे की ओलं पाऊच?

दाण्यांत पाणी जेमतेम 10 टक्के, पाऊचमध्ये 75 ते 80. मांजरं मुळात पाणी कमी पितात, म्हणून लघवीचा त्रास होणाऱ्या बोक्यासाठी माझं मत सरळ पाऊचला. (आधी नुसता रस्सा चाटून तुकडे तसेच ठेवतात, तो नखरा वेगळाच!) दाणे स्वस्त पडतात, वाटीत दिवसभर टिकतात, पण वाटी कायम भरलेली राहिली की नसबंदी झालेली मांजरं हमखास सुटतात. उघडलेलं पाऊच उन्हाळ्यात तासाभरात उचलावं. पिल्लांना दोन्ही चालतं, फक्त पाकिटावर 'किटन' (पिल्लांसाठी) आणि 'कम्प्लीट' (पूर्ण आहार) लिहिलेलं बघा. दूध-पोळीतून पुरेसं टॉरिन (मांजरांना अन्नातूनच मिळावं लागणारं पोषक द्रव्य) मिळत नाही. दाणे कोमट पाण्यात भिजवून मऊ केले की दीड महिन्याचं पिल्लूही खातं. आमच्याकडे सकाळी दाणे, रात्री पाऊच.