अक्षीय कॉम्प्रेसरची शिकवणी, दांडिया बाजार, बडोदे

दांडिया बाजारात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षासाठी मराठीतून चालणाऱ्या एका खासगी शिकवणीत अक्षीय कॉम्प्रेसरच्या (जेट इंजिनात फिरत्या पात्यांनी हवा अक्षाच्या दिशेने पुढे ढकलत दाबणाऱ्या यंत्राच्या) पात्यांमधील वेगवान वायुप्रवाहाचा भाग मी नुकताच पूर्ण केला. या विषयात अडलेल्या विद्यार्थ्याला ती लावण्याचा सल्ला मी निःसंकोचपणे देईन.

सर सूत्राआधी वेग-त्रिकोण, म्हणजे हवेचा आणि पात्याचा वेग बाणांनी जोडणारी आकृती, काढून घेतात. हवा 150 मीटर प्रतिसेकंद वेगाने सरळ आत येते आणि पात्याचे टोक 400 मीटर प्रतिसेकंद वेगाने फिरते, तेव्हा पात्याच्या दृष्टीने हवेचा वेग किती, एवढाच प्रश्न ते फळ्यावर मांडतात. उत्तर येते 427 मीटर प्रतिसेकंद. 15 अंश सेल्सियसची स्थिर हवा 150 चा वेग घेताना सुमारे 11 अंशांनी थंड होते, म्हणून ध्वनीचा वेग 340 न धरता 334 धरायचा, हा बारकावाही ते सोडत नाहीत, आणि माख अंक (हवेचा वेग ध्वनीच्या वेगाच्या किती पट, तो आकडा) 1.28 निघतो. त्याच पात्याच्या मुळाशी, निम्म्या त्रिज्येवर, तो 0.75 च भरतो. टोकाशी हवा अक्षापासून 69 अंश तिरपी येते, मुळाशी 53 अंश. पात्याला पीळ का द्यावा लागतो, हे यानंतर वेगळे सांगावे लागत नाही. एकाच पात्याच्या टोकाशी आघात तरंग (ध्वनीहून वेगवान प्रवाहात दाब एकदम वाढवणारा तरंग) आणि मुळाशी शांत प्रवाह असतो, हे मला इतके स्वच्छ आधी कोणी दाखवले नव्हते.

सुरुवातीच्या कॉम्प्रेसरांची पाती स्टॉल झालेल्या, म्हणजे हवेचा प्रवाह पृष्ठभागापासून सुटलेल्या, अवस्थेत चालत होती आणि त्यांचा विचार विमानाच्या पंखाप्रमाणे करायला हवा, हे ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी 1926 साली दाखवले. तो इतिहास थोडक्यात पण नेमक्या जागी येतो. पात्यांमध्ये हवेचा वेग कमी होऊन दाब वाढतो, पण वेग फार उतरवला तर पृष्ठभागालगतचा सीमास्तर, म्हणजे घर्षणाने मंदावलेला हवेचा पातळ थर, सुटतो. ही मर्यादा मोजणारा, लीब्लाइन आणि सहकाऱ्यांनी 1953 साली मांडलेला डिफ्यूजन फॅक्टर हा अंक 0.6 च्या पुढे गेला की दाबाचे नुकसान झपाट्याने वाढते, आणि यावर उदाहरणे भरपूर सोडवून घेतली जातात.

उणीव शेवटाकडे जाणवते. आघात तरंग सीमास्तरावर आदळल्यावर काय घडते, टोक आणि आवरण यांमधील फटीतून हवा कशी निसटते, आणि सर्ज (कॉम्प्रेसरमधील प्रवाह कोसळून हवा मागे-पुढे हेलकावणे) हे तिन्ही विषय एकाच बैठकीत उरकले गेले. झेरॉक्स टिपणांतील आकृत्याही पुसट आहेत, त्यामुळे फळ्यावरच्या आकृत्या वहीत स्वतः उतरवून घ्याव्यात. परीक्षेपुरते पाहणाऱ्याचे यात फारसे अडणार नाही. मात्र ज्याला पुढे इंजिनांच्या रचनेत काम करायचे आहे, त्याने या भागासाठी सरांकडे आग्रहाने जादा तास मागून घ्यावेत.