वावरातलं पर्जन्यमापक: काय बघून घ्यावं, कुठं लावावं, आणि त्याचा उपयोग काय

मेहकर तालुक्यात, लोणारच्या शिवेला लागून आमचं गाव आहे. सोयाबीन, तूर, थोडी कपाशी आणि विहिरीनं साथ दिली तर हरभरा. दुष्काळावर बोलायला आमच्याकडं प्रत्येकजण तयार असतो, पण पाऊस नेमका किती झाला म्हणून विचारा. "बरा झाला" नाहीतर "काही खास नाही" याच्या पुढं उत्तर जात नाही. मी गावच्या पाणीपुरवठा समितीवर आहे. टँकरचा प्रस्ताव लिहायला आम्ही बसलो की याच जागी अडायचं. म्हणून 2023 च्या पेरणीआधी पाऊस मोजायचं साधं प्लास्टिकचं यंत्र आणलं. तेव्हापासून ते वावरात उभं आहे. बाया-माणसं येऊन विचारतात, घ्यावं का? त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

यंत्र म्हणजे वर नरसाळं, खाली पाणी साठायची बाटली, बाहेरून एक नळकांडं आणि सोबत मिलिमीटरच्या रेघा असलेलं मोजपात्र. किंमत चारशे-पाचशेच्या घरात. फवारणीच्या औषधाच्या एका बाटलीहून कमीच म्हणा. तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात सहसा ठेवत नाहीत, मागणी केली तर आणून देतात.

घेताना एकच गोष्ट नीट बघा: नरसाळ्याचं तोंड आणि मोजपात्र यांचा मेळ. माझ्या यंत्राचं तोंड 100 चौरस सेंटीमीटरचं आहे, म्हणजे आरपार पट्टी धरली की 11.3 सेंटीमीटर भरतं. या मापाच्या तोंडात 1 मिलिमीटर पाऊस पडला की बाटलीत बरोबर 10 मिलिलिटर पाणी जमतं. तोंड 200 चौरस सेंटीमीटरचं असेल तर 20 मिलिलिटर. दुकानातच मेडिकलमधली 10 मिलिलिटरची सिरींज घेऊन जा, मोजपात्रात दहा-दहा मिलिलिटर पाणी सोडा आणि रेघ एक-एक मिलिमीटरनं चढते का ते पाहा. माझ्यासमोर दुकानदारानं आधी जे यंत्र काढलं त्यात दहा मिलिलिटरला रेघ दीडच्या वर गेली. ते मी तिथंच परत ठेवलं. तोंड एका मापाचं आणि मोजपात्र दुसऱ्याच यंत्राचं, अशी जोडी बाजारात असते, आणि ती घरी आणली की वर्षभर खोटा पाऊस लिहीत बसावं लागतं.

तक्रार आहे ती रेघांची. वरून छापलेल्या रेघा दुसऱ्या उन्हाळ्यात पुसट झाल्या, 20 च्या वरचे आकडे तर वाचताच येईनात. मग सिरींज लावून नवीन खुणा केल्या, त्यावर रंगहीन नेलपॉलिश फिरवलं, ते टिकलंय. खांबाला बांधायचे स्क्रू गंजले. बाटली मात्र बरी मोठी आहे, जोराच्या पावसातही ओसंडून गेली नाही. नरसाळ्याच्या भोकात कडुलिंबाचा पाला अडकतो, आणि उघडीप लांबली की आत गांधीलमाशी घर करायला बघते. पाऊस असो नसो, रोज उघडून पाहावं लागतं. हा या यंत्राचा दोष नाही, पण ज्याला रोज जमणार नाही त्यानं पैसे घालू नयेत.

जागेबद्दल लोक फार हयगय करतात. आमच्या शेजारच्या दादांनी यंत्र गोठ्याच्या टिनावर ठेवलं. वर वारा जास्त, थेंब तिरपा येतो, नरसाळ्याबाहेर जातो, आणि पाऊस कमी दिसतो. जमिनीपासून फूटभर, फार तर कमरेइतक्या उंचीवर, मोकळ्या जागी लावा. जवळ झाड असेल तर त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडा. वीस फुटांची बाभूळ असेल तर चाळीस फूट लांब. तोंड अगदी सपाट हवं. भोवती काट्यांचं कुंपण घाला, नाहीतर बकऱ्या अंग घासतात.

मोजायची वेळ सकाळी साडेआठ. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो, म्हणून आपणही तीच वेळ धरायची, तरच आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी मांडता येतो. मी निंदणीला लवकर गेले तर आत्याबाई मोजतात. त्या पाणी मोजपात्रात ओततात, पात्र डोळ्यासमोर धरतात आणि रेघ वाचून वहीत लिहितात. पाऊस नसला तर शून्य लिहितात. शून्य लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं. जागा कोरी सोडली की पुढं कोणी विचारतं, पाऊस नव्हता की मोजलाच नाही?

आता ही वही कशाला लागते ते सांगते, कारण घ्यावं की नाही याचं खरं उत्तर त्यात आहे.

2023 चा ऑगस्ट आठवा. देशात 1901 पासूनचा तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्या वहीत त्या महिन्याचं पान शून्यांनी भरलंय, मधेच कुठं एक-दोन मिलिमीटरचा शिडकावा. सोयाबीन फुलावर होतं. फूल गळालं, ज्या शेंगा धरल्या त्या चपट्या राहिल्या. त्याच वर्षी जुलैत आपल्याच जिल्ह्यात संग्रामपूर आणि जळगाव जामोदला पुरानं वावरं खरडून नेली होती. 31 ऑक्टोबरला सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात विदर्भातले दोनच तालुके: बुलडाणा आणि लोणार. म्हणजे आमच्या धुऱ्यापलीकडं दुष्काळ आणि अलीकडं नाही! ग्रामसभेत त्या दिवशी आवाज आटोपत नव्हते. "त्याईचं सोयाबीन वाळलं अन् आपलं काय हिरवं होतं काय जी?" असं एका काकांनी विचारलं, आणि पटवारी भाऊंकडं त्याला उत्तर नव्हतं.

पुढं नोव्हेंबरमध्ये सरकारनं तालुक्याऐवजी महसूल मंडळ धरून 1021 मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर केली. त्याची अट होती: जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या 75 टक्क्यांहून कमी आणि एकूण 750 मिलिमीटरच्या आत. अट वाचली की कळतं, मंडळाच्या एका पर्जन्यमापकावर किती गावांचं नशीब टांगलंय. एका मंडळात कितीतरी गावं येतात, केंद्र एकाच ठिकाणी. आपल्याकडं ऑगस्ट-सप्टेंबरचा पाऊस ढग येईल त्या शिवारापुरता पडतो. नाल्याच्या अलीकडं चिखल आणि पलीकडं धूळ हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मंडळाच्या गावाला एक चांगली सर आली की सगळ्या मंडळाला पाऊस झाला. पीकविम्यात 2025 च्या खरिपाआधी पावसाच्या 21 दिवसांच्या खंडाचा प्रश्न यायचा तेव्हाही हेच. तिथं 8 मिलिमीटर पडला, आमच्या वहीत त्या दिवशी शून्य. खंड त्यांचा तुटला, आमचा चालूच.

इथं कोणाची फसगत होऊ नये म्हणून स्पष्ट लिहिते. आपल्या वहीला सरकारी मान्यता नाही. पटवारी भाऊंनी वही पूर्ण चाळली आणि म्हणाले, "ताई, काम पक्कं आहे, पण आकडा मंडळाचाच चालते." त्यांचंही बरोबर आहे. उद्या प्रत्येकजण स्वतःच्या यंत्राचा आकडा घेऊन आला तर कोणाचा धरायचा? पण वही असल्यामुळं आमच्या अर्जाची भाषा बदलली. आधी आम्ही लिहायचो, "यंदा अत्यल्प पाऊस झाला असून पिके करपली आहेत." हे वाक्य प्रत्येक गावाच्या अर्जात असतं, ते कोणी वाचत नाही. आता आम्ही लिहितो, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत शिवारात पाऊस नाही, त्या काळात सोयाबीन फुलोऱ्यावर होतं, येऊन पाहावं. दुष्काळ ठरवण्याच्या 2016 च्या केंद्राच्या संहितेतही पावसाची तूट आणि खंड आधी बघतात, मग पेरा, उपग्रहातून दिसणारी पिकाची स्थिती, जमिनीतली ओल, धरणं आणि भूजल, आणि शेवटी दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी. त्या पाहणीत आपलं गाव यावं म्हणून तारखांचा अर्ज कामी येतो. आमच्याकडं पाहणीला माणसं आली. ती वहीमुळंच आली असा दावा मी करणार नाही, पण आली तेव्हा वही पुढं ठेवली आणि त्यांनी पानांचे फोटो घेतले.

पिण्याच्या पाण्याचं आणखी वेगळं. गावात नळयोजना आहे, प्रादेशिक योजनेचं पाणी पाइपातून येतं. फेब्रुवारीपर्यंत दिवसाआड, एप्रिलमध्ये आठवड्यावर जातं, आणि बिघाड झाला तर त्याहून लांब. मग तळ्याखालची सार्वजनिक विहीर आणि दोन हापशा. टँकर मागायचा तर टंचाई आराखड्यात गाव आधी यावं लागतं, आणि तिथं भूजल सर्वेक्षणाचा हिशेब चालतो. पाऊस वीस टक्क्यांच्या वर तुटला असेल, आणि ऑक्टोबरमध्ये विहिरींची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीहून तीन मीटरच्या वर खाली असेल तर टंचाई ऑक्टोबरपासूनच. दोन ते तीन मीटर असेल तर जानेवारीपासून. एक ते दोन मीटर असेल तर एप्रिलपासून. हे कळल्यावर मी पर्जन्यमापकासोबत शंभर फुटी टेप घेतली, टोकाला लोखंडी नट बांधला, आणि सार्वजनिक विहिरीच्या काठावर रंगाची एक खूण केली. दर वेळी टेप त्याच खुणेवरून सोडायची. पातळी सकाळी पंप चालू व्हायच्या आत घ्यायची, नाहीतर उपशाची पातळी मिळते. पावसाच्या वहीतच मागच्या पानांवर विहीर लिहितो. दोन्ही शेजारी असले की प्रस्ताव लिहायला अर्धा तास पुरतो.

या दोन नोंदींमुळं गावातला एक जुना वादही पुढं सरकला. आमचे आबाजी दर उन्हाळ्यात म्हणतात, "बहात्तरले खायले नव्हतं, पण पाणी होतं. आता खायले आहे, पाणी नाही." त्यांचं म्हणणं, दुष्काळ आभाळातून येत नाही, बोअरमधून येतो. तरुण पोरं म्हणतात, पाऊसच कमी झाला, बोअरला कशाला दोष? दोघं खरं बोलतात, फक्त वेगवेगळ्या वर्षांबद्दल. आमच्या वहीत एक वर्ष असं आहे की पाऊस बरा, तरी विहीर डिसेंबरनंतर झपाट्यानं उतरली, कारण त्या वर्षी तळ्याच्या अंगाला उन्हाळी भुईमूग आणि भाजीपाला वाढला होता. आपली जमीन काळ्या दगडाची, पाणी धरतं ते भेगांत आणि मुरमात. तिथून उपसा वाढला की शेजारची विहीर आधी सांगते. पिण्याच्या सार्वजनिक उद्भवाच्या, म्हणजे गावाच्या विहिरी-हापशीच्या, 500 मीटरच्या आत नवीन विहीर-बोअर घ्यायला कायद्यानं मनाई आहे, ही गोष्ट ग्रामसभेत मोठ्यानं बोलायची हिंमत मला त्या मागच्या पानांनी दिली. त्यावर लोक रागावले. मी ते बोलणं थांबवणार नाही. नळाला पाणी नसताना डोक्यावर पाण्याचे दोन गुंड घेऊन विहिरीवर जाणाऱ्या बाया आमच्याच घरातल्या आहेत.

मिलिमीटर हे माप पुष्कळांना समजत नाही, तेव्हा मी असं सांगते: एक एकरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण चार हजार लिटर पाणी. 10 मिलिमीटर पडला तर एकरी चाळीस हजार लिटर, दहा हजाराचे चार टँकर. हे ऐकलं की शेततळं, बांधबंदिस्ती, छतावरचं पाणी विहिरीत सोडणं यावर लोक लक्ष देऊन बोलतात. शाळेच्या टिनाचं पाणी हापशीजवळच्या खड्ड्यात सोडायचं ठरलं ते याच हिशेबावर.

स्वयंचलित, मोबाइलवर आकडा दाखवणारी यंत्रंही मिळतात, किंमत हजारांत. आतली पाळण्यासारखी छोटी वाटी भरली की उलटते आणि यंत्र मोजतं. त्यात धूळ बसली, कोळ्यानं जाळं केलं की पाऊस कमी दाखवतं, आणि बॅटरी संपली तर नेमक्या पावसात बंद. ग्रामपंचायतीनं घेतलं आणि सांभाळायला माणूस ठेवला तर ठीक. घरासाठी हाताचंच घ्या.

पाचपैकी चार गुण देते. एक कापला रेघांसाठी. इतक्या कमी खर्चात रेघा कोरून देता येत नाहीत हे मला पटत नाही, छापण्याऐवजी साच्यातच उठवता आल्या असत्या. एका गावात एकापेक्षा शिवाराच्या दोन-तीन टोकांना लावली तर फार बरं, आणि ती एकाच मापाची घ्या म्हणजे मोजपात्र हरवलं तर शेजारचं चालतं. मे महिन्यातच घेऊन लावा. मृगात दुकानात गर्दी बियाण्याची असते, तेव्हा हे कोणी मागवून देत नाही.